तात्यांची काळी ट्रंक : सॅपर वडिलांची आठवण-पुस्तिका कशी करावी

वर्षश्राद्धाला स्टीलची वाटी वाटायची नाही, एवढंच आधी ठरलं होतं. आमच्या माण तालुक्यात वर्षाला नाव कोरलेली वाटी नाहीतर ताट देतात. आई म्हणाली, "घरात वाट्यांची चळत झालीय. कोण गेलं ते वाटीवरनं कळत न्हाई." मग मी पुस्तिकेचं काम अंगावर घेतलं. मी साताऱ्यात शाळेत गणित शिकवते. लिहिण्याचा अनुभव म्हणजे स्नेहसंमेलनाचा अहवाल. तरी नऊ महिन्यांत चाळीस पानं झाली आणि दीडशे प्रती छापल्या. त्यात काय जमलं आणि काय चुकलं ते इथं लिहिते. तुमचे वडील, आजोबा किंवा सासरे फौजेच्या इंजिनियर शाखेत असतील तर उपयोगी पडेल.

तात्या, म्हणजे माझे वडील, बॉम्बे सॅपर्समध्ये होते. जानेवारी १९६६ मध्ये खडकीला भरती झाले आणि जानेवारी १९९४ मध्ये सुभेदार म्हणून पेन्शनीत आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. गावात कुणी "इंजिनियर म्हणजे डिग्री का हो?" असं विचारलं की ते म्हणत, "जुनी अकरावी नापास, पण पूल पास." सॅपरचं काम म्हणजे पूल टाकणं, रस्ता काढणं, पाणी आणणं, सुरुंग पेरणं आणि काढणं. फौज पुढं जायची असेल तर वाट करणारे हे, आणि शत्रू यायचा असेल तर त्याची वाट मोडणारेही हेच.

आधी ट्रंक उघडा

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घर आवरायला घेतात. तेवढ्यात ट्रंक ताब्यात घ्या. तात्यांची काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव, भंगारवाल्याच्या हातगाडीजवळ पोचली होती. भावाचा दोष नाही. कुलूप गंजलेलं, किल्ली हरवलेली, त्याला वाटलं रिकामी असेल.

उघडल्यावर लगेच काही उचलू नका. आधी वरून फोटो काढा, मग एक थर काढा, पुन्हा फोटो. फौजी माणसाच्या ट्रंकेत काय कशावर ठेवलंय याला अर्थ असतो. आमच्या ट्रंकेत सगळ्यात वर एनामलचा मग आणि घडी घातलेलं पॉलिशचं कापड होतं, मेडल पुसायचं. मध्ये ऑलिव्ह ग्रीन शर्ट. तळाशी डिस्चार्ज बुक, मेडलं आणि त्यांच्याही खाली माझी बालवाडीची पाटी. ती तिथं कशी गेली हे कुणालाच सांगता आलं नाही. ट्रंक भसकन रिकामी केली असती तर पाटी मेडलांच्या खाली होती हेसुद्धा कळलं नसतं.

मेडलांना ब्रासो लावू नका. तात्या दर २६ जानेवारीला लावत, म्हणून मलाही हात शिवशिवत होता. पण घासून घासून कडेवरची अक्षरं पुसट होतात आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात. मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. तिरपा उजेड पाडून फोटो काढला की वाचता येतं. डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. जुन्या फोटोंच्या मागं बॉलपेननं लिहू नका, दाबून लिहिलेलं पुढं उमटतं. मऊ पेन्सिल घ्या आणि हलक्या हातानं लिहा.

कागद वाचायला शिका

तात्या १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर होते, तेव्हा वय तेवीस. सुरुंगाचं शेत पेरताना काय करतात ते त्यांनी मला दहावीच्या भूमितीच्या वेळी सांगितलं होतं. आधी न हलणारी खूण पकडायची. विहीर, मैलाचा दगड, पुलाचा खांब. तिथून कंपासनं दिशा, टेपनं अंतर. मग प्रत्येक ओळ, कुठल्या जातीचे किती, कुठून कुठपर्यंत, सगळं कागदावर. "पेरणारा बदलून जातो, मरतो, विसरतो," ते म्हणाले होते. "काढायला येईल त्याचे डोळे म्हणजे तो कागद."

पुस्तिका करताना मी तेच केलं. गोष्टी नंतर, आधी न हलणाऱ्या खुणा. त्या चार ठिकाणी मिळतात.

डिस्चार्ज बुकात भरती आणि निवृत्तीच्या तारखा, ट्रेड, हुद्दे, मेडलं आणि 'कॅरॅक्टर' असतं. तात्यांचा ट्रेड कारपेंटर होता. हे मला त्या दिवशी कळलं. घरातले सगळे दरवाजे त्यांनी केलेत, पण मला वाटायचं हौस आहे. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. बुकात १ जून १९४८ आहे. गावातल्या निम्म्या फौजींचा वाढदिवस १ जून, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लावली. आजी सांगायची की दसऱ्यानंतर, ज्वारी पोटरीत असताना. मी पुस्तिकेत दोन्ही दिलं.

दुसरी खूण पेन्शनचा कागद, पीपीओ. तिसरी मेडलं. सैन्य सेवा मेडलाच्या फितीवर पट्टी असते, तीवर कुठल्या मुलखातली सेवा ते लिहिलेलं असतं. आमच्याकडं 'हिमालय' होतं, म्हणजे हिमाचलातल्या किन्नौरची दोन वर्षं. १९७१ साठी पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. चौथी खूण पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, रजेवर गेला, रजेवरून आला, अशा घटना युनिट या ऑर्डरीत चढवतं. काही नकला घरी असतात. माझा जन्म फौजेनं कधी नोंदला ते मला त्यातून सापडलं. जन्मानंतर सात आठवड्यांनी.

घरी काहीच नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला जवळच्या नातेवाइकानं अर्ज करावा. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आहे. मद्रास सॅपर्सचं केंद्र बेंगळुरूला आणि बंगाल सॅपर्सचं रुडकीला, तेव्हा आधी आपला माणूस कुठल्या ग्रुपचा ते बघा. बॅजवर सगळ्यांच्याच 'सर्वत्र' असतं, त्यावरून कळणार नाही. (आई म्हणायची, "सर्वत्र म्हंजे घर सोडून.") अर्जात नंबर, हुद्दा आणि नाव बिनचूक हवं. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

हुद्दा लिहिताना त्या वर्षी जो होता तो लिहा. १९७१ मधल्या फोटोखाली "सुभेदार" लिहिलं तर जुने फौजी हसतात. तेव्हा तात्या नुसते सॅपर होते. आणि आजोबांच्या पिढीचा माणूस असेल तर 'जमादार' हा शब्द दिसेल. १९६५ पासून त्याचं नाव नायब सुभेदार झालं.

दोन रकाने

आता मोठा कागद घ्या. मी शाळेतला आलेख कागद चिकटवून चिकटवून सात फूट केला. डाव्या बाजूला वर्षं, मध्ये फौज, उजवीकडं घर. न हलणाऱ्या खुणा आधी भरा, मग बाकीचं त्यांच्यापासून मोजत या. "बेंदराच्या आदल्या दिवशी", "बाळीच्या नाकात मोती घातला तेव्हा" असं लोक सांगतात, ते शेजारच्या खुणेला बांधायचं.

आमचे दोन रकाने शेजारी ठेवल्यावर पोटात गोळा आला. मे १९७२ मध्ये लग्न. निवृत्ती जानेवारी १९९४. म्हणजे सुमारे ७,९०० दिवस. फौजेत वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस कॅज्युअल, तीही सगळी मिळेलच असं नाही. खडकीच्या फॅमिली क्वार्टरमधली तीन वर्षं धरली तरी आई आणि तात्या एकत्र राहिले ते दिवस अडीच हजारांच्या पुढं जाईनात. मी तीन वेळा बेरीज केली. गणिताची बाई आहे, बेरीज चुकत नाही.

आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला म्हाईत हाय की. तू आज मोजलंस."

पण त्याच कागदानं माझी एक मोठी चूक दाखवली. पहिल्या मसुद्यात चोवीस पानं फौजेची आणि चार पानं निवृत्तीनंतरची होती. कागदावर मात्र वर्दीची २८ वर्षं आणि घरची जवळजवळ २८ वर्षं सारख्याच लांबीची. आपण फौजी माणसाची आठवण लिहायला बसलो की वर्दी सगळं खाऊन टाकते. घरी आल्यावर त्यानं काय केलं ते "उर्वरित आयुष्य शेती व समाजकार्यात व्यतीत केले" या एका ओळीत मरतं. ते वाक्य माझ्या मसुद्यात शब्दशः होतं. सांगायला लाज वाटते. तुमच्या मसुद्यात असेल तर आजच खोडा.

पत्रं

पत्रं असतील तर सोनं आहे. आईनं डालड्याच्या डब्यात ठेवली होती. निळी आंतर्देशीय, पत्ता केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. त्या पत्त्यावरून माणूस कुठं होता ते कळत नाही, कारण तो कळू नये म्हणूनच तसा असतो. ठिकाण पत्रातल्या बारीक गोष्टींवरून काढावं लागतं. "इथं जर्दाळू वाळत घालतात" म्हणजे किन्नौर.

तात्या पत्रांना नंबर घालत. दरवर्षी एकपासून सुरू. एखादं गहाळ झालं तर आईला कळावं म्हणून. पत्रात भावनेचा शब्द नाही. खुशाली दोन ओळी, मग प्रश्न, तेही क्रमानं. "१. गोठ्याचं छप्पर शाकारलं का. २. मनीऑर्डर किती तारखेला पोचली. ३. बाळीचा कान फुटला होता तो थांबला का. ४. विहिरीचं पाणी किती हात." आईची उत्तरंही त्याच क्रमानं गेली असणार, पण ती पत्रं आमच्याकडं नाहीत. फौजी माणूस पत्रं सांभाळत नाही, ओझं होतं.

पत्रं टाइप करताना शुद्ध करू नका. तात्या "काळजि" लिहीत, ऱ्हस्व. मी ती तशीच ठेवली. पुस्तिकेतली सगळ्यात जास्त वाचली गेलेली पानं हीच. मी लिहिलेलं कुणी वाचलं की नाही देव जाणे.

माणसांना "कसं वाटलं" विचारू नका

तात्यांच्या कंपनीतले एक हवालदार वाई तालुक्यात राहतात. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत नंबर आणि साल सांगितलं तर अशी माणसं सापडतात. पहिल्या भेटीत मी वही उघडून विचारलं, "काका, तात्या माणूस म्हणून कसे होते?" काका म्हणाले, "एक नंबर." संपलं. चहा झाला, आम्ही परत.

दुसऱ्या वेळी विचारलं, "किन्नौरला पूल टाकला तेव्हा तात्या कुठल्या बाजूला उभे होते?" काका खाटेवरून उठले. काकूंकडून दोन लाटणी मागवली, एक फळी घेतली आणि सतरंजीवर पूल टाकून दाखवायला बसले. बेली पूल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनियरनं काढलेला, लोखंडी पॅनल पिनांनी जोडत जायचा. एक पॅनल २६० किलोच्या आसपास, सहा जणांनी उचलायचं. पलीकडच्या काठावर आपला माणूस नसतो, क्रेन नसते. म्हणून पूल अलीकडं जोडायचा आणि रोलरवरून ढकलायचा. पुढं हलकं नाक लावायचं, मागं वजन जास्त ठेवायचं, नाहीतर अख्खा पूल तोंडावर नाल्यात. काका फळी लाटण्यांवरून सरकवत म्हणाले, "आणि तुझा बाप हितं. मागं. शेपटीला. सगळी पोरं पुढं बघायला पळायची, नाक पोचलं का, नाक पोचलं का. ह्यो मागनं ओरडायचा, 'वजन सोडू नका रं!'"

तात्या माणूस म्हणून कसे होते ते मला तिथं कळलं.

तेव्हा हाताला विचारा. काय उचललं, कुठं उभे होते, काय खाल्लं, बूट कुठले होते. कागद-पेन्सिल पुढं ठेवा, चित्र काढू द्या. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून. आणि फौजी बोलीतले शब्द तसेच ठेवा. फॉलिन, लंगर, बडा खाना, पिट्टू, रेल्वे वॉरंट. मी एका ठिकाणी 'लंगर'चं 'सैनिकी भोजनगृह' केलं होतं. काकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तेवढी शिक्षा पुरली.

आईला शेवटी विचारा आणि समोर बसवून विचारू नका. तिच्या हातात काम असताना, शेजारी बसून, तुमच्याही हातात काहीतरी घेऊन. मी दोन किलो लसूण सोलला तेव्हा किल्लारीची गोष्ट निघाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. तात्यांची पेन्शन चार महिन्यांवर होती. तरी ते मदतीच्या तुकडीबरोबर गेले. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं होती, झोपेतल्या माणसांवर पडली. परत आल्यावर त्यांनी आईला एकच गोष्ट सांगितली. घरी जाऊन आधी माळवद, ते मातीचं जड छप्पर, उतरवायचं. आमचं जुनं मातीचं घर त्यांनी १९९५ मध्ये पाडलं ते का, हे मला सत्तावीस वर्षांनी लसूण सोलताना कळलं. आम्हा पोरांना वाटायचं, बापाला बंगल्याची हौस आलीय.

गावगप्पा तपासा

आमच्या भावकीत ठाम समज होता की तात्यांनी राणेसाहेबांबरोबर सुरुंग काढले. श्रद्धांजलीच्या भाषणात सरपंचांनीही तेच सांगितलं. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. नौशेरा-राजौरी रस्त्यावर ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत त्यांनी रणगाड्यांसाठी सुरुंग आणि अडथळे काढून वाट केली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. आणि तात्यांचा जन्म त्याच १९४८ सालचा. जूनचा धरा नाहीतर दसऱ्यानंतरचा, राणेसाहेब सुरुंग काढत होते तेव्हा तात्या आजीच्या पोटात. बाहेर असते तरी पाळण्यात.

मग हा समज निघाला कुठून? आईनं सांगितलं की रिक्रूट असताना खडकीला त्यांना ही गोष्ट शिकवली होती आणि तात्या ती "आमच्या राणेसाहेबांनी" अशी सांगत. त्या 'आमच्या'चं लोकांनी बाकीचं केलं. पुस्तिकेत मी हे असंच्या असं लिहिलं. दोन चुलते रुसले. रुसू द्यावेत. एक खोटी गोष्ट सापडली की वाचणारा खऱ्या दहांवरही शंका घेतो.

तसंच मेडलांचं. गावात संग्राम मेडलला 'शौर्यपदक' म्हणत. ते १९७१ च्या युद्धकाळातल्या सेवेचं पदक आहे, हजारोंना मिळालेलं. त्यानं तात्या लहान होत नाहीत.

जे बोलले नाहीत ते

१९८८-८९ मध्ये तात्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. तिथं सॅपरला कसलं काम पडत होतं ते त्या काळचे पेपर वाचलेल्यांना माहीत आहे. रस्त्यात पुरलेली स्फोटकं. ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही लहानपणी एकदा विचारलं होतं, तेव्हा ते उठून विहिरीवर गेले.

वाईच्या काकांनी मला एक प्रसंग सांगितला आणि म्हणाले, "छापू नको." मी छापला नाही. इथंही लिहिणार नाही. पण ते दीड वर्ष वगळणं मला पटेना, कारण सात फुटी कागदावर तिथं भोक दिसत होतं. शेवटी एक पान ठेवलं, त्यावर फक्त तारखा आणि खाली दोन ओळी. "या वर्षीची १५ आणि १६ क्रमांकाची पत्रं पोचली नाहीत. तात्या या काळाबद्दल बोलले नाहीत." बाकी पान कोरं. छापखान्यातल्या पोराला वाटलं मजकूर राहिला, त्यानं तिथं कमळाचं चित्र टाकलं. प्रूफ स्वतः वाचा. कितीही घाई असली तरी.

घरचा माणूस

'कुटुंबवत्सल' हा शब्द मी एकदाही वापरला नाही. त्याऐवजी यादी केली, घरात कुठल्या गोष्टीला त्यांचा हात लागलेला आहे. खोलीखोलीतून वही घेऊन फिरा.

जिन्याच्या खालच्या कप्प्यात बोर्नव्हिटाच्या बरण्या, स्क्रू आकारानं लावलेले, प्रत्येकीवर चिठ्ठी. एकीवर "कशाचे माहीत नाही, टाकू नये". न्हाणीतला नळ माझ्या मुलीच्या उंचीला, कारण ती चार वर्षांची असताना बसवला आणि मग बदलला नाही. नवीन घराच्या पायाला त्यांनी गवंड्यावर भरवसा न ठेवता स्वतः दोरी धरली, तीन-चार-पाचचा त्रिकोण करून काटकोन तपासला आणि मला हाक मारली, "गणिताच्या बाई, बघा बरं गुण्यात आहे का." माझ्या लग्नात मुहूर्ताला वीस मिनिटं असताना ते मांडवाच्या खांबाला ओळंबा लावत होते. व्हिडिओत आहे. अंतरपाट धरलाय आणि मागं बाप एक डोळा मिटून खांबाकडं बघतोय.

२०१५ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. बरा झाला, पण वेणी घालण्याइतका नाही. आईनं केस कापायचं ठरवलं. तात्या म्हणाले, "तीन पदरी दोर वळायचा, त्यात काय." तेव्हापासून जाईपर्यंत, सहा वर्षं, रोज सकाळी साडेसहाला आईची वेणी तात्यांनी घातली. इतकी घट्ट की आई ओरडायची. खाली रिबिनीला रीफ नॉट, फूल नाही. "फूल सुटतं," म्हणायचे. आईचा फोटो काढायचा असला की आम्ही पाठमोरा काढायचो, वेणीसाठी. पुस्तिकेच्या मलपृष्ठावर तोच आहे.

यासाठी मी आठ पानं दिली.

छापण्याचं थोडक्यात

अक्षर सोळा पॉइंट घ्या, वाचणारे सत्तरीचे आहेत. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले वापरू नका. सर्व्हिस नंबर, पीपीओ नंबर, आधार, बँकेचं पासबुक यांतलं काहीही पुस्तिकेत किंवा तिच्या पीडीएफमध्ये दिसू देऊ नका. आमच्या डिस्चार्ज बुकाच्या फोटोवर मी काळी पट्टी मारली. पेन्शनरांच्या घरी फसवे फोन येतात आणि तिकडं आई एकटी असते. हयात नसलेल्या सोबत्यांची नावं घालायची तर त्यांच्या घरी विचारा. आणि शेवटी दोन कोरी पानं ठेवा, 'दुरुस्त्या' असं शीर्षक देऊन. मी ती ठेवली ते बरं केलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर वाईचे काका चष्मा लावून ओसरीवर वाचत बसले होते. नवव्या पानावर थांबले आणि मला हाक मारली.

"हे पंच्याऐंशी फूट कुणी लिहिलं?"

"मी. तात्यांच्या पत्रात आहे. पंच्याऐंशी फुटांचा नाला."

"नाला असंल. पूल पंच्याऐंशी फुटांचा कसा आसंल? बेलीचं एक पॅनल दहा फुटांचं. ऐंशी व्हईल, नव्वद व्हईल. आमचा शंभर होता. दोन्ही काठाला टेकायला जागा नको?"

मी गणिताची बाई, तिथंच उभी. आतून आई म्हणाली, "ह्यांनी असतं तर सगळ्या परत मागवल्या असत्या."

बावन्न प्रती वाटून झाल्या होत्या. उरलेल्या अठ्ठ्याण्णव पुढ्यात घेऊन मी आणि भाऊ ओसरीवर बसलो, काका शेजारी, पान नऊ, ८५ खोडून १००. रात्री पुतण्याला दुबईला फोन लावला. तो विमानतळावर होता. त्याला म्हटलं, पेन काढ.